मंदी, रिकामी घरं आणि उद्याची गुन्हेगारी

उंबरठा (धागाकर्ता)

"मंदी आली, आता चोऱ्यामाऱ्या वाढणार" हे वाक्य दर मंदीत ऐकू येतं. बोलणारा इतका ठाम असतो की विदा, म्हणजे आकडेवारी, मागायचाही संकोच वाटतो. सध्या या विषयावर जमेल तसं वाचतोय, आणि जितकं वाचतोय तितकं ते वाक्य लंगडं वाटायला लागलंय. अमेरिकेची आकडेवारी जुनी आणि बऱ्यापैकी सलग आहे, म्हणून उदाहरणं बहुतेक तिथलीच देतो.

१९३३ साली तिथे दर चार कामगारांमागे एक बेकार होता. त्याच वर्षी खुनांचं प्रमाणही शिगेला पोचलं होतं, दर लाख लोकांमागे साधारण ९.७. इथपर्यंत ते वाक्य खरं. पण पुढची काही वर्षं बेकारी पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपासच रेंगाळली, १९३८ ला पुन्हा १९ टक्क्यांवर गेली, आणि खून मात्र घटत राहिले. १९६० च्या दशकात नेमकं उलटं झालं. हाताला काम, खिशात पैसा, १९६९ ला बेकारी जेमतेम साडेतीन टक्के. खुनांचं प्रमाण मात्र १९६० च्या ५.१ वरून १९७० ला ७.९ वर. मग २००७ ते २००९ ची मंदी. लाखो घरं बँकांनी जप्त केली, ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी १० टक्क्यांना टेकली, आणि देशभरात खून, लूटमार, घरफोड्या सगळं खाली. २०२० ला तर गंमतच झाली. खून एका वर्षात जवळपास ३० टक्क्यांनी वाढले आणि चोऱ्या-घरफोड्या कमी झाल्या.

तेव्हा बेकारीच्या दरावरून उद्याची गुन्हेगारी सांगता येत नाही, हे माझ्यापुरतं नक्की झालंय. पण याचा अर्थ आर्थिक पडझडीचा काही संबंधच नाही, असा मी काढत नाही. मला वाटतं, पडझड रस्त्यावर पोचते ती घरांच्या वाटेनं, आणि पोचायला काही वर्षं घेते. नोकरी गेली म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी सुरा घेऊन बाहेर पडत नाही. नोकरी जाते, हप्ते थकतात, घर जातं, ते रिकामं पडतं, आजूबाजूच्या घरांचे भाव पडतात, आणि त्या भावांवर ज्या शहराची तिजोरी चालते त्या शहराकडे रस्त्यावरचे दिवे लावायला पैसे उरत नाहीत.

या शेवटच्या पायरीकडे फारसं कुणी बघत नाही. अमेरिकन शहरांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार मालमत्ता कर. घराचा भाव आज पडला तरी कराचं मूल्यांकन एक-दोन-तीन वर्षांनी खाली येतं. म्हणजे शहराची खरी मंदी सुरू होते तेव्हा वर्तमानपत्रातली मंदी संपलेली असते. कॅलिफोर्नियातलं स्टॉकटन बघा. २००६ पर्यंत घरांचे भाव आकाशाला भिडलेले, मग निम्म्याहून खाली कोसळले, आणि फोरक्लोजरमध्ये, म्हणजे हप्ते थकले म्हणून बँकेनं घर जप्त करण्यात, हे शहर देशात अगदी वरच्या क्रमांकांवर. देशाची मंदी अधिकृतपणे जून २००९ ला संपली. स्टॉकटननं दिवाळखोरीचा अर्ज केला जून २०१२ ला. मधल्या काळात पोलीस दल सुमारे चतुर्थांशानं कमी केलेलं. त्या २०१२ सालात तिथे ७१ खून झाले, शहराच्या इतिहासातले तोवरचे सर्वाधिक. न्यू जर्सीतल्या कॅम्डेननं जानेवारी २०११ मध्ये जवळपास निम्मे पोलीस घरी पाठवले. पुढच्या वर्षी जेमतेम ७७ हजार वस्तीच्या त्या गावात ६७ खून.

आता पुन्हा घरांचं गणित बिघडलंय, फक्त वेगळ्या तऱ्हेनं. घरं परवडत नाहीत, भाडी चढलीत, शहराच्या मध्यातली ऑफिसं ओस पडलीत. पाच-दहा वर्षांनी याचं काय होईल, यावर लोकांचं मत हवंय.

भिंगरी

वाचतेय. पण एक सांगा, गरिबीचा आणि गुन्ह्यांचा संबंधच नाही म्हणता का? कुठल्याही शहराचा नकाशा काढा, गुन्हे गरीब वस्तीतच जास्त दिसतात. हे नाकारून कसं चालेल?

उंबरठा

@भिंगरी, नाकारत नाहीये. दोन वेगळे प्रश्न आहेत. एका वेळी दोन वस्त्यांची तुलना केली तर गरीब वस्तीत गुन्हे जास्त, हे बरोबर. पण एकच वस्ती एका वर्षात आणखी गरीब झाली म्हणून त्या वर्षी तिथले गुन्हे वाढतात का, हा दुसरा प्रश्न, आणि तिथे उत्तर बऱ्याचदा "नाही" असं येतं. स्पेनमध्ये २०१३ ला बेकारी २६ टक्के होती, हप्ते थकलेल्यांना घराबाहेर काढण्यावरून आंदोलनं चालू होती, आणि खुनांचं प्रमाण लाखामागे एकाहूनही कमीच राहिलं.

शिवाय "गरीब वस्ती" हा शिक्काही फार ठोकळ आहे. सिअ‍ॅटलच्या अभ्यासात शहरातले निम्मे गुन्हे चार-पाच टक्के रस्त्यांच्या तुकड्यांवर घडताना दिसले, आणि वर्षानुवर्षं बहुतेक त्याच तुकड्यांवर. बदनाम वस्तीतल्याही बहुतेक गल्ल्या शांत असतात. एका गल्लीत असं काय असतं जे शेजारच्या गल्लीत नसतं, तिथे शोधायला हवं.

शंकासुर

चार-पाच टक्के रस्ते माहीत आहेत ना? मग तिथे पोलीस उभे करा, विषय संपला. एवढं अर्थशास्त्र कशाला?

गणितेमास्तर

धागा चांगला, पण धागाकर्त्यानं सोयीचे आकडे उचललेत असं वाटतं.

१९३३ च्या डिसेंबरात अमेरिकेतली दारूबंदी उठली. बेकायदा दारूच्या धंद्यातली मारामारी त्याबरोबर ओसरली. मग खून घटल्याचं श्रेय कुणाला? १९६० च्या दशकात महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी पंधरा-चोवीसच्या वयात आली होती. जगात कुठेही बघा, हाणामारी आणि चोऱ्या या वयातले पुरुष करतात. १९८० च्या दशकाच्या मध्यात क्रॅक कोकेन हे अमली द्रव्य आलं आणि १९९१ पर्यंत खुनांचं प्रमाण पुन्हा ९.८. पेट्रोलमधलं शिसं (त्यानं मुलांच्या मेंदूवर परिणाम होऊन पुढे हिंसा वाढते असं काहींचं म्हणणं), तुरुंगातली गर्दी, असे आणखी दहा उमेदवार रांगेत उभे आहेत. या सगळ्यांतून घरांचा परिणाम वेगळा कसा काढणार?

आणि पैशाशी संबंध शोधायचाच तर बेकारीपेक्षा महागाई बघा. रिचर्ड रोझनफेल्ड या गुन्हेशास्त्रज्ञानं हे बरीच वर्षं मांडलं. वस्तू महागल्या की चोरीच्या स्वस्त मालाला गिऱ्हाईक वाढतं, आणि गिऱ्हाईक वाढलं की चोऱ्या वाढतात. १९७० च्या दशकात महागाई आणि चोऱ्या दोन्ही वर. २००९ ला महागाई जवळपास शून्य, चोऱ्या खाली. तुमच्या २००९ च्या कोड्याचं निदान अर्धं उत्तर इथेच मिळतं.

राहता राहिली रिकामी घरं. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या जवळजवळ १४ टक्के. आणि तिथे पोलिसांत नोंदलेले गुन्हे २००२ च्या साडेअठ्ठावीस लाखांवरून २०२१ ला पावणेसहा लाखांच्या आत आले. रिकाम्या घरांनी गुन्हे वाढत असते तर जपान एव्हाना रसातळाला गेला असता.

कोपऱ्यातला

+१ मास्तर. जपानचा मुद्दा जबरी आहे.

रात्रपाळी

मी आकड्यांतला माणूस नाही, पण धागाकर्ते ज्या घरांबद्दल बोलतायत ती मी रोज बघितली आहेत. फोटोत.

फोरक्लोजरचा कहर चालू होता तेव्हा एका कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये होतो. अमेरिकन बँकांनी जप्त केलेल्या घरांची देखभाल तिकडचे कंत्राटदार करायचे, फोटो चढवायचे, आणि ते तपासून बिल पास करायचं की नाही हे आम्ही रात्रभर बसून ठरवायचो. पहिला फोटो घराच्या नंबरचा. मग समोरची बाजू. मग गवत, आणि गवतात उभी धरलेली मोजपट्टी, कारण ठरलेल्या उंचीच्या वर गेलं तरच कापायचे पैसे. हिवाळ्यात पाइप गोठून फुटू नयेत म्हणून सगळं पाणी काढून टाकायचे, कमोडमध्ये गुलाबी अँटीफ्रीझ ओतायचे, वर चिकटपट्टी आणि "वापरू नये" ची चिठ्ठी.

तेच घर काही महिन्यांनी पुन्हा समोर यायचं. पहिल्या खेपेला धडधाकट, फ्रिजवर शाळेचं वेळापत्रकसुद्धा चिकटवलेलं. पुढच्या खेपेला मागच्या दाराचं कुलूप तोडलेलं. त्याच्या पुढच्या खेपेला तळघरातले तांब्याचे पाइप कापून नेलेले, आणि खोल्याखोल्यांतून भिंतीला कमरेइतक्या उंचीवर एका रेषेत भगदाडं, कारण आतली वायर ओढून काढलेली. पाणी बंद करायचं राहिलं असेल तर तळघराचा हौद झालेला. मग खिडक्यांना प्लायवूड. प्लायवूडच्या आत गादी, मेणबत्त्या, सिरिंज. काही घरांचा शेवटचा फोटो म्हणजे नुसत्या काळ्या भिंती. २०११ च्या सुरुवातीला तांबं टनाला दहा हजार डॉलरवर गेलं होतं. त्या सुमारास पाइप शाबूत असलेलं घर दिसलं की आम्ही एकमेकांना बोलावून दाखवायचो.

मास्तर, तुमच्या जपानवर माझ्याकडे आकडा नाही. पण पाइप कापायला वेळ लागतो आणि ढणढण आवाज होतो. चोर बिनधास्त असतो, कारण पोलिसांना फोन करणारं शेजारी कुणी उरलेलं नाही, हे त्याला ठाऊक असतं. शेजारचं घर फोटोच्या कडेला दिसायचं. सुरुवातीला तिथे गाडी उभी असायची. पुढे तिथेही प्लायवूड.

सगळ्यात वाईट घरं कुठली, तर बँकेनं जप्तीची नोटीस दिली, माणसं घर सोडून गेली, आणि मग बँकेनंच हिशोब करून जप्ती अर्धवट सोडली. कागदोपत्री मालक तोच निघून गेलेला माणूस, त्याला पत्ताही नाही. त्या घराचं गवत कापायची ऑर्डर आमच्याकडे येणं बंद व्हायचं. क्लीव्हलंडच्या स्लाव्हिक व्हिलेज भागात अशी घरं ढिगानं होती.

भिंगरी

@रात्रपाळी, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका हो.

उंबरठा

रात्रपाळींनी माझं काम सोपं केलं. मास्तरांच्या "घरांचा परिणाम वेगळा कसा काढणार" याला एक चांगलं उत्तर आहे, फिलाडेल्फियाचं.

तिथे ५४१ मोकळे पडीक प्लॉट घेतले आणि चक्क चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटले. काहींवरचा कचरा उचलून हिरवळ लावली, थोडी झाडं, बुटकं लाकडी कुंपण. काहींवर नुसती सफाई. काही होते तसेच सोडले. २०१८ ला निष्कर्ष छापून आले. गरिबीरेषेखालच्या भागांत सुधारलेल्या प्लॉटांभोवती गोळीबाराच्या घटना २९ टक्क्यांनी कमी. त्या लोकांना नोकऱ्या दिल्या नव्हत्या, पगार वाढवला नव्हता, पोलीसही वाढवले नव्हते. पिढी तीच, शिसं तेच, महागाई तीच. शंकासुर, चार-पाच टक्के रस्त्यांवर पोलीस उभे करण्याआधी निदान गवत तरी कापून बघा, ते स्वस्त पडतं. त्याच शहरानं २०११ पासून नियम केला की बहुतेक घरं वसलेल्या गल्लीतल्या रिकाम्या इमारतीला मालकानं खरी दारं-खिडक्या लावायची, प्लायवूड ठोकून भागणार नाही. जिथे मालकांनी ऐकलं तिथेही आसपासच्या मारामाऱ्या घटलेल्या दिसल्या.

झुडपात पिस्तूल लपवता येतं, रिकाम्या घराच्या ओट्यावर माल विकता येतो. ती जागा गेली की धंद्याची सोय जाते.

जपानबद्दल: तिथली बरीचशी रिकामी घरं म्हातारा मालक वारल्यामुळे रिकामी आहेत, आणि ज्या भागात ती जास्त आहेत तिथून तरुण पोरं आधीच निघून गेलेली. रिकामं घर, त्याच्या आजूबाजूला रिकामटेकडी तरुण पोरं, आणि त्यांच्या हातात पिस्तूल, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर डेट्रॉइटसारखं उजाड, हिंसक शहर होतं. एकटं घर काही करत नाही. मास्तरांचाच वयाचा मुद्दा इथे माझ्या कामी येतो.

गणितेमास्तर

फिलाडेल्फियाचा प्रयोग चोख आहे, त्याबद्दल वाद नाही. पण प्लॉट साफ केल्यानं गोळीबार कमी होतो, यावरून मंदीमुळे प्लॉट पडीक झाले तर गोळीबार वाढेलच, असं उलट्या दिशेनं म्हणता येत नाही. ताप उतरवायला पॅरासिटामॉल चालतं, म्हणून पॅरासिटामॉलच्या अभावी ताप येतो असं नसतं.

कोपऱ्यातला

पिस्तूल शब्द आला हे बरं झालं. मला वाटतं बाकी सगळं दुय्यम आहे. स्पेनमध्ये पोरं बेकार होती, चिडलेली होती, पण त्यांच्याकडे बंदुका नव्हत्या. भांडण बुक्कीवर संपलं.

शंकासुर

मी जरा वेगळं विचारतो. सरकारनं बांधलेल्या त्या गरिबांच्या उंच इमारती अमेरिकेत पाडल्याच ना शेवटी? सेंट लुइसचं प्रुइट-आयगो, अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, १९५० च्या दशकात थाटात उभ्या केल्या आणि १९७२ पासून सुरुंग लावून पाडायला घेतल्या. म्हणजे घरं देऊनही गुन्हे वाढलेच. मग घरांवर खर्च करा हे कुठल्या तोंडानं म्हणायचं?

उन्हातली सावली

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितेय. शहर नियोजन हा माझा अभ्यासाचा विषय होता, त्यामुळे राहवलं नाही.

शंकासुर, प्रुइट-आयगोमध्ये घरं दिली, पण ती चालवायची सोय भाडेकरूंच्या भाड्यावर सोडली. आणि त्याच वर्षांत शहर रिकामं होत होतं. सेंट लुइसची वस्ती १९५० ला साडेआठ लाखांच्या वर होती, २०२० ला तीन लाख. ज्यांना जमलं ते उपनगरात गेले, इमारती अर्ध्या रिकाम्या पडल्या, भाडं कमी आलं म्हणून लिफ्ट दुरुस्त होईनात, लिफ्ट बंद म्हणून आणखी लोक गेले. अंधारे जिने आणि बंद लिफ्ट उरले. रात्रपाळींच्या घरांची गोष्टच ही, फक्त उभी.

पाडल्यावर काय झालं, हा जास्त रोचक भाग आहे. शिकागोत रॉबर्ट टेलर होम्स नावाच्या सोळा मजली २८ इमारती होत्या, शेवटची २००७ ला पडली. लोकांना भाड्याची व्हाउचर, म्हणजे भाड्याला सरकारी मदतीची कुपनं, देऊन पांगवलं. सगळ्यांना भीती होती की गुन्हेही त्यांच्याबरोबर पांगतील. शहराची एकूण बेरीज वाढली नाही, उलट कमी झाली. पण ज्या भागात एकदम बरीच कुटुंबं येऊन पडली तिथे ती घट शहराच्या इतर भागांइतकी झाली नाही. थोडी थोडी विखुरलेली कुटुंबं आली तिथे फरक पडला नाही.

आणि १९९४ पासून पाच शहरांत एक सरकारी प्रयोग झाला. सुमारे ४,६०० कुटुंबं, सोडत काढून काहींना कमी गरीब भागात राहायला जायची मदत. तेरा वर्षांच्या आत तिथे गेलेली मुलं मोठेपणी ३१ टक्के जास्त कमावताना दिसली. गुन्ह्यांचं चित्र मात्र घोटाळ्याचं. मारामारीच्या अटका सुरुवातीला मुलगे-मुली दोघांतही कमी झाल्या. पण काही वर्षांनी मुलग्यांच्या चोरीच्या अटका वाढल्या, मुलींच्या नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलग्याला ओळखीच्या गल्लीतून उचलून नव्या ठिकाणी टाकलं की तो तिथे सहजी रुजत नाही. धोरण आखणारे कुटुंब हे एकक धरतात. त्यातला मुलगा कितव्या वर्षी हलवला, हे कुणी विचारत नाही.

भिंगरी

सावलीताई, पुनरागमनाबद्दल आभार. एक उपप्रश्न. भाव *चढले* तर काय होतं? सगळे पडझडीबद्दलच बोलतायत.

उन्हातली सावली

भाव चढले तर त्या जागेपुरते गुन्हे बहुतेक कमी होतात. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात १९९५ पासून भाडेनियंत्रण उठलं. मालकांनी घरं दुरुस्त केली, पैसेवाले भाडेकरू आले, आणि गुन्हे साधारण १६ टक्क्यांनी घटले असा हिशोब अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. न्यू यॉर्कमध्ये १९९० ला सव्वादोन हजार खून झाले होते, २०१७ ला २९२. त्याच काळात तिथली घरं सामान्यांच्या हाताबाहेर गेली. कशामुळे काय झालं यावर भांडणं आहेत, पण दोन्ही बरोबर घडलं.

मला काळजी निघून गेलेल्यांची आहे. ते हवेत विरत नाहीत. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत उपनगरांतल्या गरिबांची संख्या मुख्य शहरांतल्या गरिबांहून जास्त झाली. आणि उपनगरं गरिबीसाठी बांधलेलीच नाहीत. बस नाही, सरकारी दवाखाना लांब, आणि नगरपालिका इतकी चिमुकली की एक मॉल बंद पडला तर बजेट कोसळतं. फर्ग्युसन हे सेंट लुइसचंच उपनगर. १९९० ला तिथे कृष्णवर्णीय लोक चतुर्थांश होते, २०१० ला दोन तृतीयांश. २०१४ ला पोलिसाच्या गोळीनं एक कृष्णवर्णीय तरुण मेल्यावर तिथे काय पेटलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मार्च २०१५ च्या केंद्रीय न्याय खात्याच्या अहवालात लिहिलंय की त्या नगरपालिकेनं पोलिसांना दंडवसुलीच्या कामाला जुंपलं होतं. तिजोरी भरायला रहदारीचे दंड, वाढलेल्या गवताचे दंड, आणि दंड भरला नाही की वॉरंट. धागाकर्ते म्हणतायत पैसा आटला की पोलीस कमी होतात. इथे पोलीस होते, पण लोकांनी त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाणंच सोडलं.

रात्रपाळी

वाढलेल्या गवताचा दंड! ज्या देशात गवत मोजायला माणूस पाठवतात तिथे हे होणारच.

शंकासुर

म्हणजे थोडक्यात, गरिबांना हाकला, शहर सुरक्षित. गुन्हे पुढच्या गावाच्या खात्यात. छान.

उंबरठा

शंकासुर, तिरकस बोललात, पण आकडे वाचताना नेमकं हेच लक्षात ठेवायला हवं. "अमुक शहर सुरक्षित झालं" ही बातमी आली की शहराची हद्द कुठे संपते ते आधी विचारावं.

डेट्रॉइटबद्दल लिहायचं राहिलं. १९५० ला साडेअठरा लाख वस्ती, २०२० ला सहा लाख ४० हजारांच्या आत. १९८४ च्या ऑक्टोबरअखेरीस तीन रात्रींत ८०० हून जास्त आगी लागल्या, बऱ्याचशा रिकाम्या घरांना. जुलै २०१३ ला शहरानं दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा रस्त्यावरचे सुमारे ४० टक्के दिवे बंद होते. २०१६ संपेपर्यंत ६५ हजार नवे एलईडी दिवे बसले, हजारो पडकी घरं पाडली किंवा विकली. २०२४ ला २०३ खून, १९६० च्या दशकानंतरचा तोवरचा सर्वांत कमी आकडा. डेट्रॉइट अजून गरीबच आहे, पण तिथल्या रस्त्यांवर आता दिवे आहेत.

गणितेमास्तर

२०२४ ला सगळ्या अमेरिकेतच खून १५ टक्क्यांच्या आसपास कमी झाले हो. बाल्टिमोरमध्ये २०२२ ला ३३४ होते, २०२४ ला २०१. सॅन फ्रान्सिस्कोत २०२४ ला फक्त ३५, तोवरच्या साठ वर्षांतला नीचांक, आणि तेव्हा त्याच शहरात ऑफिसांची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा रिकामी! रिकाम्या ऑफिसांमुळे शहर बुडणार, कर आटणार, गुन्हे वाढणार, हे चक्र २०२२ पासून छापून येतंय. ऑफिसं ओस पडली, गुन्हे काही वाढले नाहीत.

भविष्य सांगणाऱ्यांची या क्षेत्रात फार फजिती झालीय. १९९५ ला जॉन डिल्युलिओ नावाच्या प्राध्यापकानं "सुपरप्रेडेटर", म्हणजे निर्दयी गुन्हेगार, पोरांची लाट येणार म्हणून देशाला घाबरवलं. त्या धास्तीत राज्यांनी अल्पवयीनांसाठी कायदे कडक केले. लाट आलीच नाही, अल्पवयीनांचे गुन्हे धाडकन खाली आले. २०२२ ला काही शहरांत गाड्यांच्या चोऱ्या दुप्पट-तिप्पट झाल्या. कारण? किआ आणि ह्युंदाईच्या काही मॉडेलांत इमोबिलायझर (खऱ्या चावीशिवाय गाडी चालू होऊ न देणारं यंत्र) नव्हता आणि त्या गाड्या कशा चोरायच्या याचे व्हिडिओ पोरांनी बघितले. ना मंदी, ना घरं.

उंबरठा

ऑफिसांबाबत घाई करू नका मास्तर. वर स्टॉकटनमध्ये किती वर्षं मध्ये गेली ते बघा. ऑफिसांचे भाडेकरार पाच-दहा वर्षांचे असतात, ते संपतायत तशी कर्जं बुडतायत, आणि मूल्यांकन त्याच्याही मागून येतं. शिवाय या खेपेला एक उशी होती. २०२१ च्या करोनाकाळातल्या मदतीच्या कायद्यानं राज्यांना आणि शहरांना ३५० अब्ज डॉलर वाटले. त्यातून दिवे, पार्क, तरुणांचे कार्यक्रम, हिंसा थांबवण्यासाठी गल्लीत फिरणारे कार्यकर्ते, पोलिसांचे पगार, असं बरंच चाललं. २००९ नंतर शहरांनी माणसं काढली होती, या वेळी पुन्हा भरली. खून इतके झपाट्यानं खाली येण्यात याचा वाटा आहे असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि मला ते पटतं. तो पैसा २०२४ अखेरपर्यंत कशावर लावणार ते ठरवायचं होतं आणि २०२६ अखेरपर्यंत खर्च करून टाकायचा.

म्हणजे २०२७ पासून उशी नाही, आणि ऑफिसांचा कर तेव्हाच खाली येणार.

गणितेमास्तर

हे मात्र तपासता येण्यासारखं भाकीत आहे. २०२८ ला हा धागा वर काढीन. माझी पैज अशी: ज्या शहरांची तिजोरी ऑफिसांच्या करावर जास्त अवलंबून आहे तिथे दिवे, बस, ग्रंथालयं नक्की आटतील. खून वाढतील असं मी म्हणणार नाही, कारण शहराचा मध्य रिकामा झाला तरी तिथे राहणारी तरुण पोरंच कमी. वाढले तर ते सावलीताईंच्या उपनगरांत.

कोपऱ्यातला

मला एक साधी शंका. समजा कुणाला अमेरिकेत कुठे घर भाड्यानं घ्यायचंय. बेकारीचा दर बघून उपयोग नाही म्हणालात. मग बघायचं काय?

उन्हातली सावली

गल्लीत वर्षभरात किती बिऱ्हाडं बदलली ते विचारा. २०१२ नंतर मोठ्या कंपन्यांनी जप्तीतली सुटी घरं हजारोंनी विकत घेऊन भाड्यानं द्यायला सुरुवात केली. अटलांटात केलेल्या अभ्यासात हे बडे मालक छोट्या मालकांपेक्षा भाडेकरूला काढण्याचे दावे जास्त दाखल करताना दिसले. घर रिकामं दिसत नाही, दाराला रंग असतो, पण वर्षावर्षाला माणसं बदलतात आणि शेजारी एकमेकांना ओळखत नाहीत. रात्रपाळींच्या फोटोंत हे दिसलं नसतं.

रात्रपाळी

मी तरी रात्री एकदा त्या गल्लीत चक्कर मारीन. दिवे किती चालू, हे मोजीन. मग नगरपालिकेला फोन करून बंद दिव्याची तक्रार कुठे करायची विचारीन, आणि फोन किती वेळानं उचलतात ते बघीन.